लुझियाची शावी

मी कुणाच्या भिंतीला कान लावत नाही हो! बहारीनला जिदहफ्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंतीच पातळ, त्याला मी काय करू? शेजारी गाणारी राहायला आली की किस्से आपोआप घरात येतात.

लुझिया ब्राझीलची. गाणी स्वतःच रचते आणि हॉटेलात गाते. त्याच हॉटेलच्या लाँड्रीत आमचे मिस्टर सुपरवायझर.

*

आली त्याच दिवशी जिन्यात उभी राहून ओरडत होती, "शावी! शावी!" मी वॉचमनकडून दुसरी चावी आणून दिली.

ती थक्क! "आंटी, तुम्हाला पोर्तुगीज येतं?"

"मी वसईची," म्हटलं. "चावीला चावीच म्हणणार ना!"

*

एकदा चहाला आली आणि माझ्या स्टीलच्या ताटलीवर सुरी घासायला लागली. खर्र खर्र! मला वाटलं, पोरगी उपाशी आहे. धावत जाऊन बांगड्याचं कालवण गरम केलं.

दोनदा भात घेतल्यावर म्हणाली, "आंटी, आमच्या गावात सांबा असाच वाजवतात. पण आता मी रोज वाजवीन!"

*

तिची आई आयुष्यभर लोकांचे कपडे धूत आली. तिच्यावरच गाणं केलंय. ठेका गावचा, दुखणं घरचं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला पाठ झालं, माझ्याकडून मिस्टरांना, त्यांच्याकडून लाँड्रीला.

माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, धिस इज स्पाइंग!"

"रिहर्सल म्हणतात याला!" मी म्हटलं.

*

हॉटेलचा मॅनेजर मात्र एकच घोकायचा, "इंग्लिश गा. तुझं ते इथे कुणाला कळणार?" ती हटून बसली. शेवटी तो म्हणाला, शुक्रवारी एकदाच तुझं गाणं गा. लोकांनी साथ दिली नाही तर कॉन्ट्रॅक्ट खलास. म्हणजे व्हिसाही खलास!

त्या दिवशी भिंतीतून आवाजच आला नाही. मला जेवण गेलं नाही.

*

शुक्रवारी मी नवी साडी नेसून पुढच्या टेबलावर. लुझियाच्या हातात ताटली. माझी ताटली!

त्या गाण्यात ती शब्द टाकते, समोरच्यांनी झेलायचा. तिने हाक दिली, "सबांव!"

हॉल गप्प. एक साहेब सॅलड टोचत होते.

"सबांव!"

मॅनेजरने घड्याळ बघितलं. मी तोंड उघडणार, तोच मागच्या दारातून युनिफॉर्ममधली अख्खी लाँड्री ओरडली, "साबण!"

लुझियाचा चेहरा असा फुलला! "बाल्दे!"

"बादली!"

तिसऱ्या फेरीला सॅलडवाले साहेबही टेबल बडवत "साबण, बादली" करत होते.

मॅनेजर धावत आमच्या मिस्टरांकडे. "तुम लोगों को पोर्तुगीज कब से आता है?"

"पोर्तुगीज मफी, बिलकुल नहीं, सर," हे शांतपणे म्हणाले. "लाँड्री!"