तारेनं बांधलेला वारा

भूत, चकवा, लागीर... या गोष्टींवर माझा जेवढा विश्वास, तेवढाच आमच्या मॅनेजरसाहेबांच्या आपत्कालीन योजनेवर. म्हणजे शून्य! पण एका दुपारी या दोघांची गाठ पडली, आणि माझी पंचाईत झाली.

लाखनीच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा दूध थंड करायचा प्लांट. समोर गेट, मागच्या भिंतीत एक फाटक, त्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी स्टोअरला, बायको कुंदा पॅकिंगला. प्लांटमध्ये थंडाव्यासाठी अमोनिया गॅस, आणि कुंदाला दमा. गॅस सुटला तर धडधाकट माणसाचा घसा जळतो. तिला एक झोत पुरे. म्हणून त्या योजनेत मला जरा जास्तच रस होता.

योजना अशी – छपरावर काठीला वाऱ्याची पिशवी. तिची शेपटी जिकडे, तिकडे गॅस जाणार. माणसांनी उलट्या बाजूला पळायचं. सोपं आहे ना? पण मॉक ड्रिलला वरचे पाहुणे येणार होते, आणि साहेबांनी सगळ्यांनी जमायचा मांडव टाकला गेटजवळ. का? तिथं सावली, आणि पाहुण्यांच्या गाड्याही तिथंच लागतात! आता ऐनवेळी शेपटी मांडवाकडे वळली तर फोटोत इज्जत जाणार. मग या महापंडितानं काय करावं? पिशवीत बांबूच्या कामट्या घातल्या आणि जाड तारेनं शेपटी मागच्या बांध्यांकडे करकचून बांधून टाकली. वारा साहेबांच्या सोयीनं वाहू लागला!

"साहेब, वाऱ्याले तार बांधून रायले का?" मी विचारलं.

"तुमी तुमचं स्टोअर पाहा ना बाप्पा!"

ड्रिलचा दिवस. मांडवात गुच्छ, आलूबोंडे, फोटोग्राफर. भर दुपार, झाडाचं पान हलत नव्हतं. सायरन वाजला. पॅकिंगच्या बाया खिदळत गेटकडे निघाल्या, अन् साहेब भोंग्यातून ओरडले, "हसू नका! घाबरल्यासारखं करा!"

कुंदा मधेच थांबली. बोट वर.

"अवो... पिशवी फिरली ना!"

पाहिलं. शेपटी थेट मांडवाकडे – ताठ! बाया थबकल्या. सगळ्यांच्या माना वर.

"चला, चला! बोंडे थंडे होऊन रायले!" साहेब.

"तुमचे बोंडे तुमीच खा," कुंदा म्हणाली, आणि सगळ्या बायांना घेऊन मागच्या फाटकाकडे वळली. मीही गेलो. बायकोच्या मागे जायला योजना लागत नाही.

आम्ही बांधीच्या धुऱ्यावर, त्या मातीच्या बांधावर, पाय ठेवतो न ठेवतो तोच – फस्सss! नाटक नव्हे, खरा गॅस. एका व्हॉल्व्हचं सील गेलं होतं. पांढरा लोट जमिनीलगत निघाला, आणि त्याच घडीला कुठून तरी वारा उठला... तो थेट गेटकडे. लोट मांडवात शिरला. साहेब गुच्छासकट हायवे ओलांडून समोरच्या ढाब्यात! पाहुणे खोकत, डोळे चोळत भंडाऱ्याच्या दवाखान्यात. वाचले सगळे. पण कुंदा त्या मांडवात असती तर... हे वाक्य मी अजून कधी पुरं केलेलं नाही.

हवा साफ झाल्यावर फिटरला घेऊन छपरावर चढलो. पिशवीची शेपटी बांध्यांकडे. तारेचा पीळ जसाच्या तसा – कटर लावल्याशिवाय सुटेना.

"तार ढिली असंल," साहेब म्हणाले. त्यांच्या मते ड्रिल यशस्वी झाली होती. पिशवी पुन्हा तारेनं बांधली आहे, हे वेगळं सांगायला नको.

पुढे फोटो आले. एकात बाया थबकलेल्या, तोंडं वर, कुंदाचं बोट आभाळाकडे... आणि त्या बोटाच्या टोकाला पिशवी. शेपटी बांध्यांकडे. तारेत. जराही हललेली नाही.

शिकलेले मित्र म्हणतात, उन्हाची भूल. असेल! पण सगळ्यांना एकाच क्षणी, एकच भूल, आणि तीही खरी निघणारी?

फोटो कुंदाला दाखवला. तिनं तो उन्हात धरून नीट पाहिला.

"मंग आमाले कोनं दाखवली जी?" एवढं विचारून ती पॅकिंगला निघून गेली.