मादी बाटलीतून कधी सोडायची

बाबांनी आयुष्यात एकदाच घाई केली, आणि ती माझ्या लग्नाची.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी घरी बुद्धवंदना झाली, फोटोला हार घातला, खीर वाटली. आता दुकानात स्टुलावर बसून हे टाइप करतेय.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गोंदियात आमचं ॲक्वेरियमचं दुकान. गिऱ्हाईक गोल्डफिश न्यायचं, पण बाबांचा जीव फायटर माशांवर. जोड्या लावाव्यात तर त्यांनीच.

फायटरचा नर दिसायला राजा. दुसरा नर दिसला की गालफडं फुलवतो, पंख पसरतो, होता त्याच्या दुप्पट दिसायला लागतो.

मादी दिसली तरी अगदी हेच करतो.

म्हणजे मारणार आहे की संसार मांडणार आहे, नुसतं बघून कळत नाही.

म्हणून बाबा मादीला आधी काचेच्या बाटलीत घालायचे आणि ती बाटली नराच्या टबात ठेवायचे. त्याने बघावं, तिने बघावं, मध्ये काच. मी लहान असताना सारखी विचारायचे, "बाबा, सोडू आता?"

"थांब ना वं. कायची घाई आहे तुले? फुलते तर सगळेच. फुलून झाल्यावर काय करते ते पाह."

चांगला नर थोडा वेळ मिरवतो, मग पाण्यात सोडलेल्या बदामाच्या पानाखाली जाऊन फेसाचं घरटं बांधायला लागतो. वाईट नर दिवसभर बाटलीला धडका देत बसतो.

आणि मादीचे पट्टे बघायचे. उभे आले तर ती तयार. आडवे आले तर ती घाबरलीय.

आडवे पट्टे असताना बाबांनी कुणाच्या बापाचं ऐकून मादी सोडली नाही.

मग माझं स्थळ आलं, देवरीचं. मुलगा एकदम झकास. आल्या आल्या सगळ्यांना नमस्कार, आईच्या हातातला ट्रे स्वतः घेतला, फोटोत सगळ्यांत पुढे. मोठे मामा तर फिदाच झाले. "असा पोरगा हातचा जाईन. आठ दिवसांत उरकून टाका."

बाबा म्हणाले, "सहा महिने बोलू द्या ना पोरांले."

"भाऊजी, पोरगी आहे ते. मासा नाही."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. बाबांनी होकार दिला. नवव्या दिवशी मी देवरीला होते.

पहिली थप्पड दूधवाल्याशी हसून बोलले म्हणून.

पुढचं सगळं सांगत नाही. एवढंच सांगते, मी त्याच्या चपला बघायचे. दाराशी जोडीने ठेवल्या तर संध्याकाळ बरी. एक इकडे, एक तिकडे पडली, की मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. पाहुणे आले की हाच माणूस माझ्या ताटात आग्रहाने भाजी वाढायचा. "नशीब काढलं पोरीनं," असं बायका म्हणायच्या.

फोनवर मी बाबांना रोज एकच सांगायचे. "बरी आहे."

एका दुपारी बाबा न सांगता आले. नवरा घरीच होता. बाबांना "या या, मामाजी!" सगळा थाट. मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आले, तेवढ्यात त्याने गाडीची किल्ली टेबलावर टाकली. नुसती टाकली हो, आपटलीही नाही.

मी इतकी दचकले की ग्लास हातातून गेला.

बाबांनी पाण्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि उठले. "चाल."

तो दारात आडवा झाला. छाती काढून, दोन्ही हात चौकटीला लावून. "माझ्या बायकोला नेणारे तुम्ही कोण?"

बाबा त्याच्या खांद्याएवढे. बीपीचे पेशंट. आवाज चढवला नाही त्यांनी. माझं मनगट धरलं फक्त.

"मी भेऊन राहिलो तुमाले, जावईबापू. पण पोरीले घेऊन जातो."

काय झालं कुणास ठाऊक, तो बाजूला झाला.

आम्ही गोंदियाची एसटी धरली. कोहमारा गेल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आडवे पट्टे दिसले मले तुह्यावर. चूक माह्यी आहे. माशाले देतो तेवढाबी टाइम नाही देल्ला तुले."

आणि माझा बाप रडला. भर एसटीत.

पंख फाटलेल्या मादीला बाबा वेगळ्या पाण्यात ठेवायचे, चिमूटभर मीठ घालून, बरणीला कागद गुंडाळून. मलाही तसंच ठेवलं. काही विचारलं नाही, कुणाला विचारू दिलं नाही. बऱ्याच दिवसांनी एक बरणी माझ्यासमोर धरली. "पाह, नवा पंख आला. आधी बिनरंगाचा येते. रंग मागून भरते."

आज खीर खाता खाता मोठे मामा म्हणाले, "वर्ष झालं. आता मीनलचं पुढच्या आठवड्यात उरकून टाकू."

मीनल माझी धाकटी बहीण. मामांनी तिच्यासाठी बघितलेला मुलगा समोरच बसला होता. हसरा, नीटनेटका. चांगलाही असेल. मला काय माहीत?

मीनल ओढणीचं टोक चावत होती.

खरं सांगते, मी भ्याले. नवरा सोडून आलेली बाई, तिने बोलायचं? फोटोकडे बघितलं. आता मनगट धरायला बाबा नाहीत, आणि मीनलला न्यायची वेळ आली तर कोण जाणार?

"सहा महिने," मी म्हणाले. "बोलू द्या दोघांना."

"तू सांगशील आता आमाले?"

"मी भेऊन राहिली तुमाले, मामा. पण सहा महिने."

कुणी हसलं नाही. मामा वाटी तशीच ठेवून निघून गेले. तो मुलगा उठला आणि त्याने सगळ्यांच्या रिकाम्या वाट्या गोळा करून मोरीवर नेऊन ठेवल्या.

मी बघत होते. पण एका दिवसावरून मी काही ठरवणार नाही.

बाबा, भीती गेलेली नाही. पण या वेळी घाई होऊ दिली नाही.

भावपूर्ण आदरांजली, बाबा. जय भीम.