आप्पांचा कान

आप्पा ठोके द्यायला वाकले की आम्हाला पंखे बंद करावे लागत. गलोंडा गावातल्या आमच्या कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भर मे महिन्यात. जुना जाड रुपया चिमटीत धरून ते कार्बन फायबरच्या पॅनेलवर टकटक करत पुढे सरकत आणि आम्ही घाम पुसत उभे. टणक आवाज आला तर आतला फोम नीट चिकटलेला. बद्द आला तर तिथे हवा अडकलेली. मग खडूने गोल. तिथे कापलं आणि पोकळी निघाली नाही, असं माझ्या नऊ वर्षांत एकदाच झालं. त्याचंही खापर त्यांनी बाहेरून गेलेल्या ट्रकवर फोडलं.

आप्पा शहाद्याकडचे. तपासणीच्या कागदांवर सही माझी असायची, पण निर्णय त्यांचा. "माल बोलतो ताई, आपण गप राहायचं," असं ते दिवसातून दहा वेळा सांगत, आणि सांगण्याच्या नादात स्वतः काही गप बसत नसत. मला त्याचा वैताग यायचा. आता ती बडबड नाही तर शेड खायला उठते.

मग गिऱ्हाइकाने फोमऐवजी कॉर्क मागितलं. बाटलीला लावतो तेच बूच, पण पातळ तक्त्यांत. खाली-वर कार्बनचे थर. फोमचं काम बंदच झालं. कॉर्कचं पहिलं पॅनेल आलं, आप्पांनी ठोका दिला. बद्द. थोडं सरकून पुन्हा दिला. बद्द. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच. त्यांनी खडू उचलला आणि खाली ठेवला. मी दोन पॅनेलं कापून पाहिली, तर आत केसाएवढी फट नव्हती. सलग दोन पाळ्या करून माझे पाय भरून आले होते. मी हसत म्हटलं, "आप्पा, कान तपासून घ्या आता." ते हसले नाहीत.

त्यानंतर त्यांनी पंखे बंद करायला सांगणं सोडलं. महिन्याभराने राजीनामा घेऊन आले. म्हणाले, "बोलणं येतं ऐकू, पण बारीक आवाज गेले. न ऐकता माल पास कसा करू, ताई?" मी "बरं" म्हटलं आणि कागद पुढे सरकवला. त्या दिवशीही मी दमलेलीच होते. त्या दमण्याची मला आता लाज वाटते.

कॉर्कचं माहितीपत्रक तेव्हापासून माझ्याच टेबलावर पडून होतं. पहिलं पान चाळून मी सही केली होती. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी तिसरं पान उघडलं. कॉर्क कंप आणि आवाज शोषून घेतं, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. गिऱ्हाइकाला ते हवं होतं तेही याचसाठी. त्यावर ठोका कुणीही दिला असता तरी बद्दच वाजला असता.

मी लगेच आप्पांना गावी फोन लावला. "आप्पा, तुमचे कान चांगले होते, ते बूचच आवाज गिळतं," असं दोनदा सांगितलं, मोठमोठ्याने.

"ओरडू नका ना ताई, येतंय ऐकू." मग त्यांनी स्वतःचा आवाज खाली आणला.

"मी तर इथं समद्यांना सांगून टाकलं, बहिरा झालो म्हणून," आप्पा म्हणाले. "आता घरात माझ्याशी कोणी बोलतच नाही. नुसत्या खुणा करतात."