डावीकडची ओळ

सुषमा मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा ओसरीवर माझ्यासमोर बसून चहा प्यायल्या, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. तुमच्या मागच्या भिंतीवर काय काय टांगलंय, सांगा."

चाळीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून बसलो. कॅलेंडर म्हणालो आणि अडलो. मनात म्हटलं, ही बाई घर पाहून ठेवायला आली. चोराची माणसं अशीच येतात, चांगली साडी नेसून. तेवढ्यात चुलीजवळून माझी बायको बेबी बोलली, "कॅलेंडर, छत्री, विळा अन् ह्यायची टोपी. टोपीले मांगून भोक हाये."

मॅडम हसल्या. मी नाही हसलो.

त्या नागपूरच्या डॉक्टर. माणसाचं लक्ष कसं चालतं, कधी थकतं, हे शोधणं त्यांचं काम. सेलूत खोली घेतली होती आणि आमच्या गावात कापूस वेचणाऱ्या बायांमागे वही घेऊन फिरायच्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक कागद द्यायच्या. कागदभर सरकीएवढी चित्रं: पानं, फुलं, चांदण्या. फक्त चांदण्यांवर रेघ मारायची. याच्यात कसली डॉक्टरकी, मला कळेना. गावात बोलणं झालं, वेचायचं मशीन येणार, त्याच्यासाठी बायांचं माप घेऊन राह्यली. मी तोंडावर विचारलं.

"खरं सांगा मॅडम, कोन्या कंपनीनं पाठवलं तुमाले?"

"कुणीच नाही, काका."

"मंग बायाइच्या मांगं काऊन फिरता?"

"माणूस कुठं पाहतो ते सगळेच विचारतात. मी बघते, तो कुठं पाहत नाही."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मला ते चकवल्यासारखं वाटायचं. पण एक कबूल करतो, बाई गोड बोलून कुणाचं मन राखत नव्हती. मी एकदा कागद भरून दिला आणि विचारलं, कसा झाला? सरळ डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "वाईट. तुमचं सगळं लक्ष माझ्यावर पाळत ठेवण्यात होतं."

दसऱ्याला बेबीच्या कागदावर एकही चांदणी सुटली नव्हती. मॅडम तो कागद गावभर दाखवत होत्या. संक्रांतीनंतर सगळं फिरलं. वेचताना दर बाई दोन ओळी धरते, एक उजव्या हाताची, एक डाव्या. बेबीची डावी ओळ पांढरीच राहू लागली. बाया टोमणे मारायच्या, "बेबीबाई, डावी ओळ जवायासाठी ठेवली काय वो?" मीही बोललो. आळशी झाली म्हणालो.

एका दुपारी मॅडम आल्या तेव्हा बेबी जेवत होती. तिनं ताटातलं उजवीकडचं खाल्लं, डावीकडची भाकर तशीच, आणि हात धुवायला उठली. मॅडमनी ताट फिरवलं. बेबीचं ताटाकडे लक्ष गेलं, पुन्हा बसली. "अजून वाढलं काय? सांगाचं तं होतं!"

मला वाटलं, काही हातचलाखी आहे. मॅडमचा चेहरा मात्र उतरला. मला अंगणात बोलावलं, सकाळचा कागद दाखवला. उजव्या अंगाला रेघाच रेघा. डावं अंग कोरं.

"काका, हा आळस नाही. डोळ्यांचाही दोष नाही. डावीकडे त्यांचं लक्षच जात नाहीये. डोक्यात काहीतरी बिघडलंय. आजच मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी मी बोलावते."

"माह्या बायकोले पागल ठरवता? वहीत लिहाले दुसरं कोनी भेटलं नाई काय?"

"ऐका तरी, काका."

"निंघा."

दुसऱ्या सकाळी एसटीनं बेबीला आर्वीला तिच्या बहिणीकडे पोचवलं. गावात कुणाला सांगितलं नाही, म्हणजे मॅडमला कळायला नको. त्या तीनदा आल्या. तिसऱ्यांदा मी दारच उघडलं नाही. आतून ऐकत होतो. बराच वेळ त्या उभ्या होत्या.

दीड महिन्यानं आर्वीत तिला झटके आले. मग दवाखाना, मग डोक्याचा फोटो. गाठ निघाली. फार वाढली, म्हणाले. पाडव्याआधी बेबी गेली.

तेरवी झाल्यावर मॅडम आल्या. मी आधी हाताकडे पाहिलं, वही आणली काय म्हणून. हात रिकामे होते. ओसरीवर त्याच जागी बसल्या. मी भिंतीला टेकलेला. चहा विचारायचं सुचलं नाही, आणि करणार तरी कोण होतं.

"मॅडम, तुमी म्हनल्या तव्हाच नेलं असतं, तं वाचली असती काय?"

"नाही काका. तरीही वाचल्या नसत्या. गाठच तशी होती."

एवढं बोलून उठल्या आणि गेल्या. पुढं सेलूची खोली सोडली म्हणतात. त्यांच्यावर माझा राग नाही. माझ्या घरातलं माझ्याआधी त्यांना दिसलं, हे गावात मीच सांगत असतो. आर्वीची साळी म्हणते, डॉक्टर बाईनं स्वतः सांगितलं ना भाऊजी, मग आता जीव कशाला जाळता?

पण एरवी मला कडू बोलली तेव्हा बाई डोळ्यांत पाहून बोलली. त्या दिवशी तेवढं एक उत्तर देताना माझ्या डोक्यावरून मागं पाहत होती. भिंतीवर. कॅलेंडर, छत्री, विळा, टोपी. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.