फायर कॅप्टनचा राब

फायर कॅप्टनच्या अंगी कोणते गुण असावेत, हे एकेकाळी मला तोंडपाठ होतं. तो धडधाकट असावा, त्याचा आवाज खणखणीत असावा, आग बघून त्याचं डोकं ठिकाणावर राहावं, हाताखालच्या माणसांनी त्याचा शब्द खाली पडू देऊ नये आणि तो कायम कामगार असावा. माझा आवाज घोगरा, अंगकाठी काटकुळी, आणि माझा शब्द घरातली शेळीसुद्धा ऐकत नसे. तरी ऐंशी सालानंतरच्या त्या दोन-चार वर्षांत, पिरंगुटकडून घोटावड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी फायर कॅप्टन होतो.

नेमणुकीचं कारण अगदी साधं होतं. पुण्याहून एकच पिवळं हेल्मेट आलं होतं आणि ते फक्त माझ्या डोक्यात बसलं. मशीनवरच्या धिप्पाड गड्यांच्या डोक्यावर ते उलट्या वाटीसारखं तरंगायचं. मॅनेजर साहेबांनी ते माझ्या डोक्यावर ठेवून वरून दोनदा टपली मारली आणि म्हणाले, "बसलं ना? मग झालं तर."

मी म्हटलं, "साहेब, पण मी टेंपररी आहे. कागदावर कायम कामगार पाहिजे असं लिहिलंय."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. माझ्यावर उपकार करावेत असं त्यांच्या मनात नव्हतं, पण दुसरं हेल्मेट मागवण्याचा व्याप त्याहून मोठा होता. ते म्हणाले, "इन्स्पेक्टरसमोर ड्रिल नीट पार पाड. त्यांचा शेरा चांगला पडला की तुला कायम करायचा कागद वर पाठवतो. नाहीतर पुढच्या महिन्यात तुझा ब्रेक आहेच."

ब्रेक म्हणजे काय ते आमच्या भागात शाळकरी पोरांनाही कळायचं. सहा-सात महिने भरत आले की घरी बसवायचं, आणि परत बोलावतील का हे देवाला ठाऊक. कारखाना ज्या माळावर उभा होता तो माळ आमचाच. जमीन देताना घरटी एक कायमची नोकरी असं तोंडी ठरलं होतं, आणि तोंडी ठरलेलं तोंडीच राहिलं होतं. कारखान्याची भिंत उठली तिच्या अलीकडे मी हंगामी मजूर झालो आणि पलीकडे वडिलांकडे भाताची चार खाचरं उरली. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. मला कायम केल्याचा कागद बघायचा एवढीच त्यांची इच्छा होती, पण ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की ते माझ्या हाताकडे बघायचे, एवढंच.

कॅप्टनच्या कर्तव्यांचा टंकलेखन केलेला कागद मी घरी आणून मोठ्याने वाचला. धूर दिसताच शिट्टी फुंकावी. आगीचे कारण विचारत बसू नये. आपल्या पथकासह तत्काळ घटनास्थळी धाव घ्यावी. बघ्यांना दूर ठेवावे. आग पूर्ण विझल्याखेरीज जागा सोडू नये.

आबा चुलीपुढे बसून ऐकत होते. म्हणाले, "इस्तू इजवायला कागद लागतो व्हय?"

आबांना हे बोलायचा अधिकार होता. आमच्या मुळशीत भाताचं रोप नुसत्या जमिनीत टाकत नाहीत, आधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळे आणि पेंढा यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते सगळं पेटवायचं. त्या आचेनं माती भाजते, तणाचं बी जळतं आणि मग रोप कसं हिरवंगार, दमदार येतं. पेटवणं हे सगळ्यांत अवघड. आबा पहाटे बिडी शिलगावून तिचा धूर कुठं जातो ते बघायचे. वारा पडलेला असला तरच काडी लावायची, आणि तीही वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत पावलापावलानं मागे सरकते आणि माती सावकाश भाजते. जो वारा येतो त्या टोकाला काडी लावतो, त्याचा राब भरकन पेटतो, धुराचा लोट आभाळाला भिडतो आणि माती कच्चीच राहते. अशा माणसाला आबा शेतकरीच मानत नसत.

आमचा राब पंचक्रोशीत नावाजलेला. लावणीच्या वेळी उरलेलं रोप आमच्याकडून दहा घरी जायचं. आम्हाला कुणाकडे मागायची वेळ कधी आली नव्हती.

ड्रिलच्या आदल्या संध्याकाळी मी आबांना बजावलं. हेल्मेट घरी आणलं होतं, आणि कबूल करायला लाज वाटते, पण बोलताना ते माझ्या डोक्यावर होतं. "आबा, उद्या राब पेटवायचा न्हाई. कारखान्यात ड्रिल हाय, ती नीट झाली तर मला कायम करनार हायत. तुमचा धूर दिसला तर घोटाळा हुईल."

"माज्या रानात मी काडी कवा लावायची ते आता तू सांगनार?"

"मी सांगत न्हाई, कॅप्टन सांगतोय."

आई म्हणाली, "आरं, बापाशी बोलतुयास." पण आबांनीच हात वर करून तिला थांबवलं. हेल्मेटकडे नीट बघून म्हणाले, "बरं, कॅप्टन."

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर दहाला येणार म्हणून आम्ही सातपासून नटून बसलो. माझ्या पथकातले सहाही जण आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांची पोरं. वाळूच्या लाल बादल्यांत तंबाखूच्या पिचकाऱ्या पडल्या होत्या म्हणून वरचा थर आम्ही बदलला. मोकळा पुठ्ठा अंगणात दिसू नये अशा सूचना होत्या, म्हणून तुकडा न तुकडा उचलून गोदामात टाकला. स्टोअरकीपर गोदामाला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून पौडला लग्नाला गेला. मधोमध एक पत्र्याचं पिंप ठेवलं, त्यात चिंध्या भरल्या, आणि खास या कामासाठी ठेवलेला रॉकेलचा डबा मी स्वतः त्यावर ओतला. आग लावण्याची अशी चोख तयारी मी आयुष्यात पुन्हा केली नाही.

इन्स्पेक्टर बाराला आले. सफारी सूट, बगलेत फाइल, कपाळावर घाम. ते खुर्चीवर बसले, मॅनेजर साहेब शेजारी उभे राहिले आणि मी पिंपाला काडी लावली. ती विझली. दुसरी लावली, तीही विझली. तिसऱ्या काडीला पॅकिंगमधला माझा सोबती जवळ आला, चिंधी हुंगून हळूच म्हणाला, "आरं, ह्ये रॉकेल कुटलं, ह्ये तर पानी हाय."

रॉकेल तेव्हा रेशनवर मिळायचं, तेही रांग लावून. डबा महिनाभर कोपऱ्यात उभा होता. कुणाकुणाच्या घरच्या स्टोव्हला त्यातलं थोडं थोडं लागलं असेल आणि प्रत्येकानं माप बिघडू नये म्हणून प्रामाणिकपणे पाणी भरून ठेवलं असेल. थोडंसं मीही नेलं होतं. चिंध्या धुतल्यासारख्या झाल्या होत्या. सुका पुठ्ठा गोदामात आणि किल्ली पौडच्या मांडवात. ज्या कारखान्यात बिडी ओढल्याबद्दल माणसाला घरी पाठवत, तिथं त्या दिवशी मूठभर आग मिळेना.

माझी काड्यापेटी संपली. शेवटच्या काडीनं माझं बोट तेवढं भाजलं. इन्स्पेक्टरांनी घड्याळ बघितलं आणि फाइल मिटली. "असू दे. मी पावसाळ्यानंतर येईन पुन्हा."

पावसाळ्यानंतर मी तिथं असणार नव्हतो. मॅनेजर साहेब माझ्याकडे बघेनात. नजर चुकवायला मी भिंतीकडे बघितलं. कंबरेएवढ्या बांधावर उभं राहिलं की आमच्या रानातून कारखान्याचं अंगण दिसायचं. भिंतीच्या वर आबांची टोपी आणि दोन डोळे दिसत होते. किती वेळ ते माझी फजिती बघत होते कोण जाणे. मी बघितलं तशी टोपी खाली गेली. मला वाटलं, बापालासुद्धा बघवेना.

इन्स्पेक्टर गाडीत पाय टाकणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून धुराचा लोट उठला. काळा, जाड, थेट आमच्या अंगावर येणारा.

"ती आग कसली?" इन्स्पेक्टर ओरडले.

मॅनेजर साहेब पुण्याच्या पेठेत वाढलेले. ते त्याहून मोठ्याने ओरडले, "आग! कॅप्टन, आग!"

तो आमचा राब होता. मला ठाऊक होतं, माझ्या पथकातल्या सहाही जणांना ठाऊक होतं. राबाला आग म्हटलेलं आमच्यातल्या एकाही आईनं पोटच्या पोराकडूनही ऐकून घेतलं नसतं. पण आगीचं कारण विचारत बसायचं नव्हतं. सांगून, बजावून, नेमका आजच, नेमका भर दुपारी! मी शिट्टी फुंकली.

शिडी लावून आम्ही भिंतीवर चढलो. पाइप ओढताना सोबती थबकला. "आरं, ह्यो तुज्या आबांचा राब. आन उलटा पेटलाय बग. वाऱ्याच्या अंगानं काडी कोनी लावली?"

"बोलू नगं, पाइप धर."

पंप सुरू झाला. विहिरीचं पाणी जोरानं राबावर कोसळलं. शेण, पाला, अर्धवट जळलेले टहाळे, वर्षभर गोळा केलेलं ते सगळं फुफाट्यासकट उसळलं आणि वाफ्यावरून ओहोळासारखं वाहून गेलं. बघ्यांना दूर ठेवावे, हे माझ्या लक्षात होतं. बघे एकच होते. टोपी हातात घेऊन वाफ्याच्या कडेला उभे.

"मागं व्हा!" मी ओरडलो. आवाज खणखणीत निघाला, पहिल्यांदाच.

आबा दोन पावलं मागे झाले. "कुटवर सरकू, साहेब?"

मी बोटानं बांध दाखवला. ते जाऊन बांधावर उभे राहिले.

आमची आग सात मिनिटांत विझली, आणि इन्स्पेक्टर बेहद्द खूश झाले. खऱ्या आगीत पथकाची परीक्षा झाली, असं दुर्मीळ भाग्य त्यांना कुठंच लाभलं नव्हतं. चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं झाली. कॅप्टनने जराही विलंब न लावता, प्रसंगावधान राखून लगतच्या शेतातील आग आटोक्यात आणली, असा शेरा त्यांनी तिथंच लिहिला.

घरी गेलो ते भांडायच्याच तयारीनं. मीच त्यांचा राब बुडवला होता, म्हणून आवाजही माझाच मोठा होता. "येवढं सांगून आजच पेटवायचा व्हता?"

आबा भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "इसरलो."

चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. फक्त रोज संध्याकाळी माझ्या हाताकडे बघणं चालूच होतं.

मिरगात कायम केल्याचा कागद आला. आबांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, देवापाशी ठेवला आणि वैरण टाकायला निघून गेले. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि मी शेरा वाचून दाखवला नाही. तेवढी शरम माझ्यात शिल्लक होती.

राबात पेरलेलं बी उगवलं, पण सगळं पिवळं आणि मरगळलेलं. त्याच्या दुप्पट तण. लावणीच्या तोंडाशी दोन खाचरांनाही ते पुरेना. मग आबा रोप मागायला निघाले. सुट्टीचा दिवस होता, ओझं उचलायला मी मागे होतो. ज्या घरांना आम्ही वर्षानुवर्षं रोप दिलं त्याच घरांच्या पडवीत आबा पावसात उभे राहून मूठ-मूठ मागत होते. मला मान वर करता येत नव्हती.

एका घरचा म्हातारा आबांचा जुना सोबती होता. त्यानं विचारलं, "तुजा राब म्हंजी एक लंबर. औंदा काय झालं?"

आबा म्हणाले, "वाऱ्याच्या अंगानं काडी लावली."

"आन ते बी तू? येड लागलं व्हतं का?"

"व्हय," आबा म्हणाले आणि हसले.

बांधावरून परतताना माझ्या डोक्यावर रोपाच्या मुठींचा भारा होता, त्यातलं पाणी मानेवरून आत उतरत होतं. आबा पुढे चालले होते. तीस वर्षं राब भाजलेला माणूस. पहाटे बिडीच्या धुरात वारा बघणारा माणूस. भर दुपारी, वारा येतो त्या टोकाला, जास्तीत जास्त धूर होईल असा त्यानं राब पेटवला होता, आणि ते मला त्या बांधावर, भारा डोक्यावर असताना कळलं.

मी म्हटलं, "आबा, त्या दिशी तुमी इसरला न्हवता."

ते थांबले नाहीत. पुढचं खाचर ओलांडून झाल्यावर, मागे न बघता म्हणाले, "तुज्या काड्या सपल्या व्हत्या. माज्या खिशात पेटी व्हती."