बारवेच्या दगडाला भेंडीचं पाणी

बदनापूरच्या कौसल्याला ‘मशीनवाली मावशी’ म्हणून ओळखत नाही असा गवंडी सापडणं कठीण. दगडाला किंवा स्लॅबला गोल भोक पाडायचं असलं की तिलाच फोन येतो. मशीन खरं तर नवऱ्याचं, राजानंदचं. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याची कच बसवलेली. ती नळी गरगर फिरते, आतून पाण्याची धार सुटते आणि दगडाचा गोल तुकडा निघून येतो. गाडीवरून पडून राजानंदचा खांदा कामातून गेला, तेव्हा कौसल्यानं साडीवर त्याचा शर्ट चढवला आणि मशीन हातात घेतलं. तो शेजारी खुर्ची टाकून सूचना देऊ लागला. ती सगळ्या ऐकायची आणि पटतील तेवढ्याच पाळायची.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. काळ्या दगडात नळी घोटून गुळगुळीत व्हायची. नुसती किंचाळायची, पुढं सरकायची नाही. एकदा कौसल्यानं पाण्याच्या टाकीत चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकली. भोक झटकन पडलं.

“दगड कापायलीस का धुवायलीस?” राजानंद म्हणाला.

“दोन्ही करून राह्यले. तुमाला काय तरास?”

तेव्हापासून पावडरचा पुडा मशीनच्या पेटीतच राहू लागला आणि हे भांडणही रोजचं झालं.

असंच एक काम तीर्थपुरीजवळच्या एका गावात निघालं. गावची जुनी बारव लोकांनी उपसून स्वच्छ केली होती. पाणी छान आलं होतं, पण पायऱ्या उभ्या आणि गुळगुळीत. म्हाताऱ्या माणसांना धरायला कठडा हवा होता, आणि कठड्याच्या नळ्या रोवायला पायऱ्यांत भोकं. धर्मराज नावाच्या शेतकऱ्यानं हे काम अंगावर घेतलं होतं. पायऱ्यांच्या टोकाशी त्याची आई तुळजाबाई बाजेवर बसून सगळं बघत होती.

कौसल्यानं मशीन लावलं आणि सवयीनं टाकीत पावडर टाकली. त्या दिवशी हात जरा सैल सुटला. पांढरा फेस उसळला आणि पायऱ्या उतरत थेट पाण्याकडं निघाला.

“मावशी, बंद करा!” धर्मराज ओरडत खाली धावला. “ढोरं पेतात हे पाणी! आमी म्हैनाभर गाळ उपसला अन् तुमी साबण सोडायल्या?”

कौसल्यानं बटण दाबलं. फेस पाण्याला टेकायच्या आत तिनं अंगातला शर्ट काढून पायरीवर आडवा टाकला आणि दोघांनी मिळून तो फेस निपटून बादलीत भरला. तिचे कान तापले होते. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही?

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “आता नुसत्या पाण्यानं करते.”

मग तिनं खालच्या पायरीवर चिखलाचा बांध घातला, म्हणजे दगडाचा गाळही पाण्यात जाणार नाही. पण दगड हट्टी निघाला. नळी किंचाळली, राखाडी गाळ भोकातच घट्ट बसला, आणि दुपार झाली तरी बोटभरसुद्धा खोली मिळेना. राजानंदनं एकदाही टोमणा मारला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

जेवताना तुळजाबाईनं विचारलं, “पोरी, त्या पावडरनं काय व्हतं गं?”

“गाळ धरून ऱ्हात न्हाई, आजी. पाण्यासंगं बाहेर येतो. मंग नळीला कोरा दगड लागतो.”

“मळ काढायचा म्हण की! आमच्या गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाचा मळ भेंडीच्या पाण्यानं काढायचो. बुळबुळीत पाणी. सगळा मळ वर यायचा. अन् तोच गूळ आपण खातो.”

कौसल्याचा घास हातातच राहिला. “भेंडी हाय का घरी?”

“रानात उभी हाय. जून झालेली.”

धर्मराज हसत उठला आणि झाडंच उपटून घेऊन आला. तुळजाबाईनं खोडं ठेचून पाण्यात चोळून दिली, कौसल्यानं ते पाणी फडक्यातून दोनदा गाळलं. राजानंद खुर्ची पुढं ओढून बसला. “टाकी तुंबली तर मला सांगू नको,” म्हणाला, पण नजर नळीवरून हलली नाही.

पहिल्या वेळी पाणी फार घट्ट झालं आणि धार मुंगीच्या चालीनं आली. तिनं साधं पाणी वाढवलं. पुन्हा बटण दाबलं. किंचाळणं हळूहळू उतरलं, नळी घुमू लागली आणि भोकातून गाळाचा एकसारखा ओघळ सुटला. साबणाइतका वेग नव्हता, पण नळी सरकत होती.

“चालली की!” राजानंद खुर्चीतून उठला. “दाबू नको, जाऊ दे तिच्या चालीनं!”

ही सूचना मात्र कौसल्यानं बिनबोभाट पाळली.

दुसऱ्या दिवशी भोकं पुरी झाली. नळ्या रोवून, सिमेंट वाळून कठडा पक्का झाल्यावर धर्मराजनं दोघांना मुद्दाम बोलावून घेतलं. तुळजाबाई कठडा धरून एकेक पायरी उतरली, खालच्या पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. लग्न होऊन आल्यावर इथूनच घागर भरायची, म्हणाली.

वर चहा तयार झाला. धर्मराजनं हाक मारली, “आई, ये की आता!”

“कशाला? कौसल्यासंगं चहा खालीच धाड.”

कौसल्या दोन्ही हातांत कप घेऊन पायऱ्या उतरू लागली. कठड्याला धरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता, म्हणून राजानंद धडधाकट हातानं तिचं कोपर धरून सोबत उतरला.