साहेबाच्या बागेतलं सागवानी टेबल

अंधेरीच्या आंबोली गावात एमिलियामायला न घाबरणारा एकच माणूस होता, तो म्हणजे चर्चचा पाद्री; आणि त्याच्याबद्दलही मी शपथेवर काही सांगणार नाही. लग्न होऊन मी कणकवलीहून निघाले ती थेट अंधेरीला, तिच्या ओट्यालगतच्या भाड्याच्या खोलीत. पहिल्याच सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात सोनं, कमरेवर हात. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "हाडं दिसतात गं तुझी, शेवंते. सासू जेवायला घालत नाय का?"

सासू माझ्या मागेच उभी होती! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूने मात्र त्या दिवसापासून माझ्या ताटात मासळीचा एक तुकडा जास्त वाढायला सुरुवात केली, हेही खरं.

माय मूळची गोराईची. नवरा लवकर गेला, पदरात ह्युबर्ट एवढासा. मग वर्सोव्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात ती आया म्हणून लागली. रंगाच्या कंपनीतला गोरा साहेब, त्याची मडम आणि दोन पोरं. ती पोरं मायने वाढवली. शिवाय बागेतलं सागवानी सामान तेल लावून पुसायचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं, कारण माळी ते धड करत नसे. स्वतःच्या ह्युबर्टला शेजारणीकडे ठेवून ती हे सगळं करायची. त्याबद्दल तिने कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. तक्रार करणं हे तिच्या मते आजारी माणसाचं काम.

पासष्ट साली साहेब विलायतेला निघाला आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. ह्युबर्ट तोवर ट्रॉम्बेला अणुकेंद्रात स्टोअरकीपर झाला होता, लग्न झालं होतं, मुलगी आयडा शाळेत जात होती. एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपवून आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. म्हणजे मिस्सा त्यांची. आमचं नुसतंच बसणं. तेवढ्यात गल्लीत हातगाडी शिरली आणि पुढे ह्युबर्ट, नवरदेवासारखा. गाडीवर मोठं टेबल, पाठीचा बाक आणि दोन खुर्च्या.

"आय, ओळखलंस का?" तो लांबूनच ओरडला. "बर्मा सागवान! तुझ्या साहेबाच्या बागेतलं. आता तू बसायचं ह्याच्यावर, राणीसारखं."

माय उठली. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, कोणी गेल्याची बातमी आली. ती खाली आली, गाडीजवळ गेली आणि चाळिशी गाठायला आलेल्या, अणुकेंद्रात नोकरी करणाऱ्या त्या पोराच्या कानाखाली तिने भर गल्लीत एक ठेवून दिली.

"परत ने," एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

ह्युबर्टची बायको व्हायोलेट तोंडावर पदर धरून उभी राहिली. गाडीवाला सुद्धा दोर सोडता सोडता थांबला. ह्युबर्ट गाल धरून नुसता टेबलाकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला मायचा असा राग आला म्हणून सांगू! पोराने एवढ्या हौसेने आणलं, आईसाठी आणलं, आणि तिने त्याची अशी शोभा करावी?

सामान परत जाणार कुठे? साहेब बोटीवर चढलेला. ते अंगणातच राहिलं.

ह्युबर्टही तिचाच मुलगा, तेवढाच हट्टी. आय आज ना उद्या बसेल, तोवर सामान तिच्यासाठी नव्यासारखं ठेवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. पायांना ओल लागू नये म्हणून प्रत्येक पायाखाली वीट. पावसाळ्याआधी ताडपत्री, आणि तीही घट्ट गुंडाळायची नाही, खालून वारा खेळायला हवा. पावसाळा सरला की साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुणं, चांगलं सुकवणं, मग बारीक पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेघेरेघेनेच. आडवा हात फिरला की तो किंचाळायचा. शेवटी जवसाचं तेल. चिंधीवर थोडंसं घ्यायचं, चोळायचं, उरलेलं पुसून काढायचं. "तेल पाजायचं, न्हाऊ घालायचं नाय," असं तो येईल त्याला ऐकवायचा. त्या टेबलावर ओला पेला ठेवायची कोणाची टाप नव्हती. माझा नवरा, श्यामकांत, एकदा चहाचा कप टेकवायला गेला तर ह्युबर्टने तो हवेतच झेलला आणि दोन दिवस आमच्याशी धड बोलला नाही.

सागवान मधासारखं झळकायचं. लोक बघायला यायचे. आणि माय? माय पायरीवर. तांदूळ निवडायचे तर पायरीवर, बोंबील साफ करायचे तर पायरीवर, जपमाळ ओढायची तर पायरीवर. गुडघे कुरकुरायला लागले, उठताना भिंत धरावी लागायला लागली, तरी चार पावलांवरच्या खुर्चीत बसेल तर शपथ. दर नाताळाला ह्युबर्ट खुर्ची पुसून तिच्याजवळ सरकवायचा आणि म्हणायचा, "बस ना गं आय, एकदा." ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि पायरीवर बसायची. त्याचं तोंड पाहवत नसे.

शेवटी एका दुपारी मी तिला सरळ विचारलं. घरात दोघीच होतो, पायरीवर बसून तांदूळ निवडत होतो. "माय, एवढी कसली घमेंड? पोराचा जीव तुटतो."

तिने खडा काढून अंगणात भिरकावला.

"मला ताप भरलेला," ती म्हणाली. "साहेबाचा धाकटा बाबा मांडीवर झोपलेला. उभं राहवेना, म्हणून त्या बाकावर टेकले. मडमने पाहिलं. बोलली काय नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं. तिने बाबाला उचलला, आत नेला. मग घरकामाच्या हमालाला हाक मारली आणि माझ्यासमोर बाक धुवायला लावला. साबण लावून. दोनदा."

माझ्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ पायरीवर सांडले आणि मी ते उचललेसुद्धा नाहीत. ज्या बाईच्या एका हाकेला आख्खी आंबोली गप्प होते, तिला ती बया पुसून काढते? "मग ह्युबर्टला सांग ना!" मी ओरडलेच. "त्याला कळू दे तरी!"

"खबरदार," माय म्हणाली. "हौसेने आणलंय पोराने. कळलं तर कुऱ्हाड घालेल त्याच्यावर, नि जन्मभर स्वतःला खात बसेल. बाकावर टेकायला गेले ना, की अजून साबणाचा वास येतो मला. माझं दुखणं आहे, माझ्याकडेच राहू दे. तांदूळ भर."

मी तांदूळ भरले. पण त्यानंतर ह्युबर्ट चिंधी घेऊन बाकाशी उकिडवा बसलेला दिसला की मी खिडकी लावून घ्यायची.

बहात्तर साली आयडाचं लग्न निघालं. अंगणात मांडव पडला. त्यांच्यात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्याच दिवशी गावातले पुरुष आपापले सुरे घेऊन मांडवात जमतात आणि जेवणाचं डुकराचं मटण कापतात. त्यासाठी घरातलं एखादं दार बिजागऱ्यांवरून उतरवून विटांवर आडवं ठेवायची रीत.

दुपार कलल्यावर बँड वाजू लागला आणि ह्युबर्ट, व्हायोलेट, आयडा, बायाबापड्या, सगळे विहिरीकडे निघाले. मायचे गुडघे चालत नव्हते, ती मागे राहिली. मी तिच्या सोबतीला. गोराईहून तिचा भाऊ गिल्बर्ट सकाळीच होडीने डुक्कर घेऊन आला होता. आता तो न्हाणीचं दार उतरवायला हात घालणार, तोच माय म्हणाली, "दार राहू दे, गिल्बर्ट."

"मग कापू कशावर? तुझ्या डोक्यावर?"

"टेबल आहे ना."

कोणाचाच विश्वास बसेना. गिल्बर्टने हातातला सुरा खाली ठेवला. "अगं, ह्युबर्टचं टेबल? तो जीव घेईल माझा."

"माझ्या घरातलं आहे. उचल."

मी म्हटलं, "माय, असं करू नको गं." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी बाजूला झाले. त्यांनी ते टेबल मांडवाच्या मधोमध आणलं. पहिला वार मायने स्वतः घातला. सुरा मांसातून आरपार गेला आणि लाकडात रुतल्याचा आवाज आला. मग बाकीचे तुटून पडले. रक्त, चरबी, मीठ, हळद. सात वर्षं जवसाचं तेल प्यायलेल्या त्या सागवानावर चरे पडत गेले. कापलेल्या मटणाची घमेली ठेवायला जागा उरली नाही तेव्हा मायने बाकाकडे बोट दाखवलं. बाक टेबलाशी ओढला, घमेली त्यावर गेली आणि बाकावरून लाल पाणी ओघळलं.

बँड गल्लीत शिरला. पुढे पाण्याचे घडे घेतलेल्या बाया, मागे ह्युबर्ट, हसत, घामाने निथळत. मांडवाच्या तोंडाशी तो थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मागचे लोक त्याच्यावर आदळले, बँड एकेक वाद्य करत बंद पडला.

"कोणी?" तो म्हणाला. "कोणी केलं हे? आय, सागवानाची पार वाट लागली!"

मायने घमेलं उचलून खाली ठेवलं. पदराने बाकावरचा ओघळ पुसला, तोही नीट नाहीच. मग भिंत नाही, काठी नाही, गिल्बर्टच्या खांद्याला धरून ती सावकाश त्या बाकावर बसली. पाठ टेकली. मग पुढे वाकून दोन्ही कोपरं टेबलावर ठेवली, रक्तातच. आणि माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, "आता धू म्हणावं मडमला."

ते फक्त मला कळलं. मला रडू आवरेना, आणि लोकांना वाटलं मी टेबलासाठी रडतेय.

सात वर्षांत पहिल्यांदा बाकावर बसलेल्या आईकडे ह्युबर्ट बघत राहिला. राग कुठे गेला कोण जाणे. मग घरात गेला. मला भीती वाटली, आता काय घेऊन येतो. तो आला तो चहाचा कप घेऊन. काठोकाठ भरलेला, बाहेरून ओला, खाली बशी नाही.

"घे, आय," तो म्हणाला, आणि कप त्याने टेबलावर ठेवला.